एकतीस तारीख

बीम एकशे दहा किलोचं.
दोघांनी उचलायचं असतं, पण जोडीदार तंबाखू मळत होता
आणि मी म्हटलं, होतंय की.
कमरेत काहीतरी तुटलं,
सूत तुटावं तसं, बारीक आवाजात.
लूमवर धागा तुटला तर मशीन आपोआप थांबतं.
मी थांबलो नाही,
बीम बसवलं आणि मग खाली बसलो,
तो बसलोच.

शेठनी दोन हजार दिले, वर एक चादर.
मीच विणलेली. मोराच्या पिसाऱ्यात एक धागा चुकलेला,
म्हणून गठ्ठ्यातून बाजूला काढलेली.

आता अडीच वर्षं झाली.
विडी घरकुलातून अशोक चौकापर्यंत
रिक्षाला अकरा गतिरोधक लागतात.
रिक्षावाला विसरतो, मणका विसरत नाही.
हत्तुरे डॉक्टरांकडे बाकावर जागा असते,
मी भिंतीला टेकून उभा राहतो.
नंबर आला की ते मान वर न करता विचारतात,
कसं आहे?
मी म्हणतो, आहे.
ते मागच्या चिठ्ठीवरून पुढची चिठ्ठी उतरवतात.
रात्री एक गोळी. तीस दिवस. खाली शिक्का.
दर एक तारखेला.

आणि महिना असतो एकतीसचा.

हे मला आधी कळलंच नाही.
पहिल्या जानेवारीत पट्टी संपली,
मी मार्कंडेय मेडिकलला गेलो, एकच दे म्हटलं.
अंबादास म्हणाला,
काका, ही गोळी अशी देता येत नाही ओ,
तारीख संपली की चिठ्ठीची.
त्या रात्री गड्ड्यावरचा पाळणा थांबला तरी
मी जागाच होतो.
मीच विणलेला टॉवेल गुंडाळून कमरेखाली घेतला,
कडेला राजमणी झोपेतही
बोटं वळवत होती, पानाशिवाय.

शाळेत मुठीवर महिने मोजायला शिकवलं होतं,
उंचवटा एकतीस, खळगा तीस.
आता मी पालथा पडलो की
राजमणी तेल लावता लावता
माझ्या पाठीवर तेच मोजते.
तिला हिशोब कळतो.
हजार विड्या द्यायच्या तर हजारावर चार वळते ती,
छाट निघणारच, धरूनच चालायचं.
डॉक्टरला सांगा की एक जास्त लिहायला, म्हणते.
सांगितलं.
ते म्हणाले, महिना म्हणजे तीस.
त्यांच्याकडे पावतीपुस्तकही तसंच छापलेलं असेल.

एकदा एक तारीख रविवारी आली
आणि सोमवारी डॉक्टर अक्कलकोटला, पुतणीच्या लग्नात.
त्या तीन रात्रींबद्दल मी काही बोलणार नाही.
पायातून मुंग्या चालत गेल्या
आणि परत आल्याच नाहीत, एवढंच.

मग अंबादासनंच वाट काढली.
वर्षात एकतीसचे सात.
फेब्रुवारीत दोन गोळ्या उरतात.
त्या दोनच्या जोरावर तो मला दोन उसन्या देतो,
एक डिसेंबरला, एक जानेवारीला,
थंडीत मणका करवतीसारखा होतो म्हणून.
कागदाच्या पुडीत बांधतो,
उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहितो,
येलगम काका, गोळी १.
पैसे घेत नाही, गोळीच परत घेतो.
आणि हे कुणाला सांगू नका, म्हणतो.
मी कुणाला सांगणार.
बाकीच्या पाच रात्री मी अंगावर काढतो.

कारखान्यावरून कधी जाणं होतं,
आतून तोच आवाज येतो.
रस्त्याच्या कडेला जरा थांबतो,
पायाला ताल सापडतो, कमरेला सापडत नाही.

परवा हिशोब चुकता करायला गेलो.
दोन गोळ्यांची पुडी काउंटरवर ठेवणार,
उघडून बघतो तर एकच.
राजमणीवर ओरडायच्या बेतात होतो.
अंबादासनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं,
काका, यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा.

मी हसलो.
हळूच,
कमरेला कळू न देता.